शिरोरेषा आणि कापणारें यंत्र

रस्त्यानें जाणाऱ्या रिक्षाच्या मागल्या कांचेवर ‘आईचा आशीर्वाद’ हीं अक्षरें चमकतांना कोणी पाहिलीं नाहींत? तीं रंगविलेलीं किंवा छापलेलीं असावींत अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तीं कापलेलीं असतात. पाठीमागें चिकट लेप असलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांतून एक बारीक पातें तीं अक्षरें कोरून काढतें, आणि मग कारागीर तीं अलगद उचलून कांचेवर बसवितो. महाराष्ट्रांतील शहरांत या कामाला ‘रेडियमचें काम’ असें नांव पडलें आहे. त्यांत रेडियम धातूचा लेशहि नसतो, परंतु नांव इतकें रुजलें आहे कीं आतां तें बदलण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं.

रेडियमवाल्याच्या दुकानांतील त्या मोठ्या यंत्राचीं धाकटीं भावंडें आतां घरांतील टेबलावर येऊन बसलीं आहेत. अमेरिकेंतील यूटा राज्यांतल्या क्रिकट आणि सिल्हूट या कंपन्यांचीं व जपानच्या ब्रदर कंपनीचीं यंत्रें यांत विशेष प्रसिद्ध आहेत. साधारणतः बारा इंच रुंदीचा कागद, पुठ्ठा किंवा चिकट पापुद्रा त्यांत घालतां येतो. बारशाच्या निमंत्रणपत्रिका, गणपतीच्या मखराची नक्षी, दिवाळींतील आकाशकंदिलाच्या झालरी, दारावरचें नांव, मुलांच्या डब्यावरचें नांव, असलीं कामें त्यावर घरबसल्या होतात, आणि त्यांतून कांहीं भगिनींनीं लहानसा धंदाहि उभारला आहे. परंतु यंत्र विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यांत बहुतेकांचा विरस होतो. पडद्यावर सुरेख दिसणारें नांव कापून बाहेर येतें तें चिंध्या होऊन. दोष यंत्राचा नसतो, हाताचाहि नसतो. तो असतो यंत्राला दिलेल्या फाइलींत. ती फाइल कशी असावी आणि मराठी अक्षरांच्या बाबतींत तिला कोणता विशेष संस्कार द्यावा लागतो, हाच या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक मूलभूत भेद समजून घेतला पाहिजे. संगणकावरील चित्रें दोन जातींचीं असतात. छायाचित्र हें रंगीत कणांचें बनलेलें असतें. रांगोळीची पूड चिमटीनें पसरून जसें एखादें व्यक्तिचित्र काढतात, तशी त्याची रचना असते. जवळून पाहिलें तर नुसते कण दिसतात, रेषा कोठेंच नसते. दुसऱ्या जातीचें चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखें असतें. अमुक ठिपक्यापासून निघा, असें वळण घ्या, तमुक ठिपक्याला जाऊन मिळा, एवढीच आज्ञा त्यांत लिहिलेली असते. यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात. कापणाऱ्या पात्याला कणांचा कांहींच उपयोग नाहीं, कारण पात्याला केवळ जाणें कळतें. कोठून निघावयाचें, कोणत्या वाटेनें जावयाचें आणि कोठें थांबावयाचें हें सांगणारें चित्रच त्याला हवें असतें.

ठिपक्यांमधील वळण गणितानें कसें सांगावें हा प्रश्न मोटारींच्या कारखान्यांत सुटला, हें ऐकून श्रोत्यांना गंमत वाटेल. फ्रान्समधील सित्रोएन कंपनींत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञानें १९५९ सालीं त्याची रीत शोधली, पण कंपनीनें ती गुप्त ठेविली. पुढें रेनॉ कंपनींतील पियेर बेझिए या इंजिनियरानें स्वतंत्रपणें तीच वाट चोखाळून तिची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून त्या वक्ररेषेला बेझिएचें नांव मिळालें. प्रत्येक तुकड्याला चार बिंदु असतात. दोन टोंकांचे, आणि दोन रेषेला आपल्याकडे ओढणारे. मोटारीच्या अंगाची गोलाई आखण्यासाठीं शोधलेली ती रेषा आज रिक्षाच्या कांचेवरील ‘आई’ची वेलांटी कापते आहे.

या चित्रांची सर्वमान्य लेखनपद्धति म्हणजे एसव्हीजी. इंटरनेटसाठीं सर्वसाधारण नियम ठरविणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेनें ती ४ सप्टेंबर २००१ रोजीं मान्य केली. ही फाइल साध्या मजकुराची असते, आणि ती उघडून वाचतां येते. त्यांत ‘एम्’ या रोमन अक्षराचा अर्थ पातें उचलून अमुक जागीं न्या, ‘एल्’ म्हणजे सरळ जा, ‘सी’ म्हणजे वळण घ्या, आणि ‘झेड’ म्हणजे निघालां तेथें परत येऊन आकृति बंद करा. कापण्याच्या फाइलींत प्रत्येक आकृति अशी बंद असणें इष्ट. आरंभबिंदूला रेषा केसभर कमी पडून थांबली, तर डोळ्याला तें दिसत नाहीं, पण तुकडा मात्र तेवढ्या जागीं कागदाला चिकटून राहतो आणि ओढतांना फाटतो.

आतां मराठी नांवाकडे वळूं. ‘शिवांगी’ हें नांव पाळण्यावर लावण्यासाठीं कापावयाचें आहे असें समजा. संगणकावर हें नांव लिहितांना एक अखंड शब्द दिसतो, आणि वर एक सलग शिरोरेषा दिसते. प्रत्यक्षांत ती शिरोरेषा सलग नसते. टंकाच्या रचनाकारानें प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि वेलांटी आपापल्या शिरोरेषेच्या तुकड्यासह निरनिराळी काढलेली असते, आणि दोन तुकड्यांमध्यें फट दिसूं नये म्हणून ते एकमेकांवर किंचित् चढविलेले असतात. छापतांना काळ्यावर काळें पडतें, म्हणून सांधा दिसत नाहीं. पण पातें रंग पाहत नाहीं, तें कडा पाहतें. ‘श’ची कड कापतांना तें ‘व’च्या शिरोरेषेला आडवा छेद देतें, आणि ‘व’ची कड कापतांना ‘श’च्या. परिणामीं एका नांवाचे पांच-सहा तुकडे होतात आणि प्रत्येक सांध्याशीं तांदळाच्या कणीएवढा एकेक कपटा सुटून येतो.

रोमन लिपींत हा घोटाळा सहसा होत नाहीं, कारण तिचीं छापील अक्षरें मुळांतच सुटीं असतात. अक्षरांना अक्षरें जोडलेलीं अशी वळणदार हस्ताक्षराची धाटणी घेतली तरच त्या लोकांना ही अडचण भासते, आणि तेवढ्यापुरता उपाय त्यांच्या पुस्तकांत एखाद्या कोपऱ्यांत सांगितलेला असतो. मराठी माणसाला मात्र तो उपाय पहिल्याच दिवशीं लागतो. ज्यांना तो कोणी सांगितला नाहीं, त्यांतील कित्येकजण शेवटीं इंग्रजी अक्षरांत नांव कापून मोकळे होतात. पाळण्यावर देवनागरी नांव हवें असतांना रोमन नांव लागावें, आणि तेंहि केवळ एका आज्ञेच्या अज्ञानामुळें, ही गोष्ट खेदाची आहे.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी म्हणजे अक्षरांचें रेषांत रूपांतर करणें. मजकूर जोंवर मजकूर असतो तोंवर तो टंकावर अवलंबून असतो; दुसऱ्या संगणकावर तो टंक नसेल तर अक्षरांचें रूपच पालटतें. शिवाय यंत्रांबरोबर येणारीं कांहीं सॉफ्टवेअरें देवनागरीची जोडणी नीट जाणत नाहींत. त्यांत ‘शि’ची ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढें न येतां मागें येऊन पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत दिसूं लागतात. यासाठीं नांव चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येंच लिहावें. इंकस्केप हें २००३ सालापासून चालत आलेलें मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे, कारण त्यांत युनिकोड देवनागरी व्यवस्थित जुळते. तेथें लिहून झाल्यावर ‘ऑब्जेक्ट टु पाथ’ ही आज्ञा दिली कीं अक्षरें गोठून रेषा होतात. जुन्या डी. टी. पी. पद्धतीच्या टंकांत तर अर्धें अक्षर आणि काना हेहि निरनिराळे तुकडे असतात, म्हणून तेथें सांधे अधिक निघतात, एवढाच फरक.

दुसरी पायरी खरी महत्त्वाची आहे. सर्व तुकडे निवडून ‘युनियन’ ही आज्ञा द्यावी. यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्यें हिचेंच नांव ‘वेल्ड’ असें असतें, आणि लोहाराच्या सांधकामाचा हा शब्द चपखल आहे. या आज्ञेनें एकमेकांवर चढलेल्या भागांतील कडा विरघळून जातात आणि संपूर्ण शब्दाची एकच बाह्यरेषा उरते. ‘व’च्या पोटांतील पोकळी मात्र जशीच्या तशी राहते. याच यादींत ‘कंबाइन’ नांवाची एक आज्ञा असते. ती नांवानें जवळची वाटते, पण तिनें तुकडे नुसते एका गाठोड्यांत बांधले जातात, आंतल्या कडा जिवंतच राहतात. गाठोड्याला आणि सांधकामाला एकच समजल्यामुळें वायां गेलेला कागद थोडाथोडका नसेल.

हें सांधकाम झालें म्हणजे जिनें एवढा त्रास दिला तीच शिरोरेषा उपकार करूं लागते. रोमन लिपींतील नांव पुठ्ठ्यांतून कापलें तर अक्षरें एकेक होऊन गळून पडतात. तीं सरळ ओळींत, सारख्या अंतरानें चिकटविण्यासाठीं वेगळी खटपट करावी लागते. देवनागरी शब्द शिरोरेषेला लटकलेला असल्यामुळें तोरणासारखा एका तुकड्यांत हातांत येतो. कापण्याच्या कलेला इतकी सोयीची लिपि विरळाच. मात्र त्यासाठीं शिरोरेषा भक्कम हवी. ‘श’ आणि ‘ग’ यांचे डावे भाग बहुतेक टंकांत केवळ शिरोरेषेलाच लटकलेले असतात. तेव्हां नाजूक शिरोरेषेचा टंक पुठ्ठ्याच्या कामाला घेऊं नये. किंवा शब्दाच्या लांबीचा एक अरुंद आयत काढून तो शिरोरेषेवर ठेवावा आणि सर्वांचें एकत्र सांधकाम करावें. अशानें रेषा जाड होते, सलग होते, आणि दोन शब्दांमधील अंतरहि हवें तर सांधून घेतां येतें.

एक भाग तरीहि सुटा राहतो, तो म्हणजे अनुस्वार. ‘वां’वरील टिंब कशालाच टेकलेलें नसतें. चिकट पापुद्र्याच्या कामांत त्याची चिंता नाहीं, कारण तेथें वरून एक पारदर्शक चिकट कागद लावून सारीं अक्षरें आपापल्या जागेसह एकदम उचलतात. पुठ्ठ्याच्या कामांत मात्र तें टिंब जमिनीवर कोठेंतरी सांपडतें, किंवा सांपडतहि नाहीं. म्हणून सांधकामापूर्वीं टिंब थोडें मोठें करून शिरोरेषेला टेकेल इतकें खालीं आणावें. दिसण्यांत किंचित् फरक पडतो, पण टिंब हरवल्यास ‘शिवांगी’ची ‘शिवागी’ होते, आणि तें नांव कोणाच्याच आत्याबाईंना रुचणार नाहीं.

अक्षर कापून चिकटविण्याऐवजीं अक्षराच्या आकाराचें भोंक पाडून त्यांतून रंग भरावयाचा असेल, तर सारा हिशेब उलटा होतो. ‘म’, ‘प’, ‘व’, ‘ब’, ‘क’ या अक्षरांच्या पोटांत बंदिस्त जागा असतात. भोंक पाडतांना त्या बेटांसारख्या सुट्या होऊन गळून पडतात, आणि ‘व’च्या जागीं एक भरीव डाग उमटतो. यासाठीं प्रत्येक बेटाला बाहेरच्या भागाशीं जोडणारा एखादा अरुंद पूल ठेवावा लागतो. रांगोळीच्या पत्र्याच्या छाप्यांवर असे पूल सर्वांनीं पाहिलेले आहेत. आकाशकंदिलाच्या झालरीसहि हाच नियम लागू आहे. प्रकाश बाहेर यावा म्हणून जें कापून काढावयाचें, त्याच्या मध्यें शिल्लक राहणारें प्रत्येक पान-फूल कोठें ना कोठें कागदाला धरून असलें पाहिजे.

हातानें काढलेल्या चित्राची फाइल करावयाची असल्यास संगणक आपण होऊन रेषा शोधून देतो. पीटर सेलिंजर या गणितज्ञाचें पोट्रेस नांवाचें साधन त्यासाठीं इंकस्केपमध्यें अंतर्भूत आहे. सोय मोठी आहे, पण ती आंधळेपणानें वापरूं नये. पेन्सिलीची एक रेषा हीहि त्याच्या दृष्टीनें एक लांबट काळा पट्टाच असतो, म्हणून तो तिच्या दोन्ही बाजूंनीं दोन कडा काढतो, आणि पातें त्याच वाटेनें दोनदां फिरतें. शिवाय कागदाच्या खरबरीतपणामुळें शेंकडों अनावश्यक ठिपके निर्माण होतात व पातें त्यांवर अडखळत जातें. चित्र आधीं जाड शाईनें, भरीव आकारांत काढावें, आणि रेषा मिळाल्यावर ‘सिंप्लिफाय’ या आज्ञेनें ठिपके कमी करावे. चांगल्या गोलाला चार ठिपके पुरतात.

रेषेच्या जाडीसंबंधींहि असाच एक भ्रम असतो. पडद्यावर रेषेला पांच मिलिमीटर जाडी दिली, तरी पातें बहुधा तिच्या मध्यावरून एकच छेद घेतें. जाडी ही केवळ रंगाची बाब राहते. ती जाडी कागदांत उतरवावयाची असेल तर ‘स्ट्रोक टु पाथ’ ही आज्ञा देऊन रेषेचें आकृतींत रूपांतर केलें पाहिजे.

मापाचा घोटाळा याहून गमतीचा आहे. चार इंचांचें काढलेलें नांव यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्यें तीन इंचांचें होऊन उतरतें, आणि माणूस चक्रावून जातो. कारण असें कीं, फाइलींत पुष्कळदां इंच न लिहितां नुसते पिक्सेल लिहिलेले असतात. अडोबी इलस्ट्रेटर एका इंचाचे ७२ पिक्सेल धरतो, तर एसव्हीजी वाचणारीं अनेक सॉफ्टवेअरें ९६ धरतात. चार इंचांचे २८८ पिक्सेल झाले, आणि २८८ला ९६नें भागलें तर तीनच येतात. इंकस्केपहि पूर्वीं ९० धरीत असे. २०१७ सालच्या ०.९२ या आवृत्तीपासून तें ९६वर आलें. जुन्या फाइली उघडतांना हें लक्षांत ठेवावें. यावर साधा तोडगा म्हणजे चित्राच्या बाजूला बरोबर एक इंचाचा चौकोन काढून ठेवणें. फाइल उघडल्यावर तो चौकोन एक इंचाचाच भरला तर पुढें जावें. नंतर तो पुसून टाकावा.

पात्याच्या स्वभावाविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. घरगुती यंत्राचें सामान्य पातें स्वतःच्या दांड्याभोंवतीं मोकळें फिरतें आणि त्याचें टोंक दांड्याच्या मध्यापासून सुमारें पाव मिलिमीटर बाजूला असतें. कचेरींतील खुर्चीचीं चाकें जशीं ओढावी तिकडे वळतात, तसें तें रेषेमागें वळत जातें. कोपरा आला कीं त्याला वळण्यासाठीं किंचित् जागा लागते. सॉफ्टवेअर त्याची भरपाई करतें, तरीहि दोन मिलिमीटरांहून लहान, टोंकदार नक्षी बहुधा चुरगळते किंवा उचकटून येते. म्हणून लहान अक्षरांसाठीं गोलाईदार टंक बरा. चिकट पापुद्रा कापतांना पातें फक्त वरचा थर कापतें आणि खालचा कागद शाबूत राहतो. मग भोंवतालचा नको असलेला भाग चिमट्यानें उपसावा लागतो. ही उपसणी ज्यानें एकदां केली आहे, तो पुढल्या वेळीं नक्षी आपोआपच सुटसुटीत काढतो.

कपड्यावर इस्त्रीनें चिकटवावयाच्या पापुद्र्याची तऱ्हा आणखी निराळी. तो उलट्या बाजूनें कापतात, म्हणून आकृति आरशांतल्यासारखी उलटी करून द्यावी लागते. ती उलटी केली नाहीं, तर चूक कळते ती सदऱ्यावर इस्त्री फिरल्यानंतर.

एवढी यातायात करण्यापेक्षां तयार नक्षीच विकत घ्यावी असें कोणी म्हणेल. तशी ती मिळतेहि, आणि घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तिच्यावर धंदा करावयाचा असल्यास परवान्याच्या अटी वाचून घ्याव्या. परंतु स्वतःची फाइल करतां येण्याचें मोल कशांत आहे, हें मार्च २०२१ मध्यें एका प्रसंगानें दिसून आलें. क्रिकट कंपनीनें असें जाहीर केलें कीं, मासिक वर्गणी न भरणाऱ्या ग्राहकांस महिन्याला वीसच स्वतःचीं चित्रें यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्यें चढवितां येतील. पैसे मोजून घरीं आणलेल्या यंत्रावर आपलें स्वतःचें चित्र कापण्यास मर्यादा, ही कल्पना ग्राहकांना मानवली नाहीं. निषेधाचा असा गहजब उडाला कीं, थोड्याच दिवसांत कंपनीनें तो बेत मागें घेतला. ओरड करणाऱ्यांत बहुसंख्य लोक घरीं लहानसहान काम करणारे होते. तयार नक्षीवरच भागविणाऱ्याला त्या नियमाची झळ लागली नसती. ज्याला स्वतःच्या हातची रेषा कापावयाची होती त्यालाच ती लागली. मराठी नांवें कापणाऱ्याला तर दुसरा मार्गच नाहीं. परदेशी भांडारांत फुलें, फुलपाखरें आणि नाताळचे देखावे वाटेल तेवढे मिळतील. ‘शिवांगी’ मिळणार नाहीं.

फाइल यंत्राकडे पाठविण्यापूर्वीं एक तपासणी न चुकतां करावी. इंकस्केपमध्यें ‘आउटलाइन’ नांवाची एक दृष्टि आहे. ती निवडली कीं रंग, भराव, जाडी सारें नाहींसें होऊन केवळ कडांच्या बारीक रेषा उरतात. पात्याला जें दिसतें तें हेंच. शिरोरेषेंत कोठें आडवी रेघ राहिली असेल, टिंब अधांतरीं असेल, एकाच जागीं दोन रेषा एकमेकींवर निजल्या असतील, तर तें येथें तत्काळ उघडें पडतें. त्यानंतर महाग कागदाच्या एका कोपऱ्यांत लहानसा त्रिकोण कापून पात्याचा दाब अजमावावा.

आणि फाइलीच्या दोन प्रती ठेवाव्या. एक सांधकाम झालेली, कापण्यासाठीं. दुसरी त्यापूर्वींची, जींत अक्षरें अजून अक्षरेंच आहेत. कारण एकदां रेषा झालेल्या अक्षरांतील ऱ्हस्व-दीर्घ सुधारतां येत नाहीं, आणि नांवांतील वेलांटी पहिली कीं दुसरी यावर घरांतील वडीलधाऱ्यांचें एकमत पुष्कळदां कापून झाल्यानंतरच होतें.